सर्किट गेलंय म्हणण्याआधी

घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर सगळ्यात घाईने दिला जाणारा निकाल म्हणजे ‘सर्किट गेलंय, मशीन बदलावं लागेल.’ साठ-सत्तरच्या दशकातलं एखादं इलेक्ट्रॉनिक घड्याळ घेऊन माणूस दोन-तीन दुकानं फिरतो, सगळीकडे हेच ऐकतो. शेवटी कोणीतरी जुनं मशीन काढून डायलखाली स्वस्तातलं क्वार्ट्झ मशीन बसवून देतो. वरून घड्याळ तेच दिसतं, पण वडिलांच्या मनगटावर जे चाललं ते मशीन भंगारात गेलेलं असतं. पुण्यात याच घड्याळांवर वर्षानुवर्षं काम करताना माझी खात्री झाली आहे की, ‘गेलेली’ म्हणून आलेली बहुतेक सर्किटं गेलेली नसतात. त्यांच्यातली एखादीच जागा गेलेली असते : तारेचा सांधा, संपर्काची पत्ती, कॉइलचं एक टोक. ती शोधता येते आणि बहुधा जोडताही येते.

१. सेल मोजताना त्याच्यावर भार टाका.

नुसता मल्टिमीटर लावला की थकलेला सेलही दीड व्होल्ट दाखवतो. मीटर त्याच्याकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून. सेलच्या दोन टोकांना एक-दोन हजार ओहमचा रेझिस्टर लावून मग व्होल्टेज बघा. ते घसरत चाललं तर सर्किटला हात लावण्याची गरजच नाही.

जुन्या घड्याळांत सेलची दुसरी एक भानगड आहे. बुलोव्हा कंपनीचं अॅक्युट्रॉन १९६० साली आलं, तेव्हा त्याला पाऱ्याचा सेल लागायचा, १.३५ व्होल्टचा. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. आज आपण घालतो तो सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा. फरक फक्त ०.२ व्होल्टचा, पण अॅक्युट्रॉनला तो सोसेलच असं नाही. त्यात बॅलन्सऐवजी एक चिमुकला ट्यूनिंग फोर्क आहे. तो सेकंदाला ३६० वेळा कंप पावतो आणि प्रत्येक कंपाला २.४ मिलिमीटर व्यासाच्या, ३०० दातांच्या चाकाचा एक दात पुढे ओढतो. व्होल्टेज वाढलं की कंपाचा पल्ला वाढतो, एकाऐवजी जास्त दात ओढले जातात आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. गिऱ्हाईक म्हणतं सर्किट बिघडलं. सर्किट ठणठणीत असतं. दात ओढणाऱ्या आणि दात अडवून धरणाऱ्या दोन बोटांची एकमेकांशी जुळणी नव्या व्होल्टेजला धरून पुन्हा करावी लागते, किंवा सेलच्या वाटेत एक शॉट्की डायोड बसवून व्होल्टेज खाली आणावं लागतं. मी आधी जुळणी करून पाहतो. मूळ घड्याळात कमीत कमी भर पडावी, हा माझा आग्रह आहे.

२. करंट मोजायला शिका, अर्धं निदान तिथेच होतं.

नव्या मुलांना मी हे सगळ्यात आधी शिकवतो. सेलच्या जागी बाहेरून नेमकं हवं ते व्होल्टेज द्या आणि वाटेत १,००० ओहमचा रेझिस्टर टाका. त्याच्या दोन टोकांमध्ये जेवढे मिलिव्होल्ट दिसतील, तेवढे मायक्रोअँपिअर घड्याळ घेतंय. रेझिस्टरला समांतर एक कपॅसिटर लावला की झटक्याझटक्याने जाणाऱ्या करंटची सरासरी शांतपणे वाचता येते. ह्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन किरकोळ सामान आणलं की काम होतं.

चांगलं चाललेलं अॅक्युट्रॉन साधारण सहा-सात मायक्रोअँपिअर घेतं. वर्षाचे ८,७६० तास धरले तर सहाच्या हिशेबाने जेमतेम ५३ मिलिअँपिअर-तास होतात. बटणाएवढ्या सेलवर ते वर्षभर चालायचं ते ह्या काटकसरीमुळे. मीटर शून्य दाखवत असेल तर वाट कुठेतरी तुटली आहे : कॉइल किंवा संपर्क. करंट भरपूर आणि फोर्क मुका, तर कुठेतरी गळती आहे. बहुधा कपॅसिटर, नाहीतर प्लेटला टेकलेली तार. आणि फोर्क वाजतोय पण करंट नेहमीपेक्षा जास्त, हे तिसरं लक्षण सगळ्यात उपयोगाचं. फोर्क जोमात हलतो तेव्हा त्याचे चुंबक कॉइलमध्ये उलट व्होल्टेज तयार करतात आणि तेच करंटला आवर घालतं. फोर्क कुठेतरी अडखळला की तो आवर सैल होतो, म्हणजे जास्तीचा करंट पुष्कळदा यांत्रिक अडथळ्याची खबर देत असतो. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा एक कणसुद्धा एवढं घडवून आणतो.

३. मीटरच्या आधी कान लावा.

३६० कंपनांचा स्वर आपल्या पेटीवर मधल्या सप्तकात पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. घड्याळ लाकडी टेबलावर पालथं ठेवलं की स्पष्ट ऐकू येतो. ओमेगाच्या एफ-३०० सारख्या घड्याळांत हीच जातकुळी आहे, पण तिथे कंपनं ३००, म्हणून स्वर खालचा. दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, माक्स हेट्झेल हा स्विस इंजिनिअर.

स्वर चालू आणि काटे थांबलेले, तर सर्किट पूर्ण निर्दोष. त्याच्या वाटेला जाऊ नका, बिघाड चाकांमध्ये आहे. स्वर नाही, पण हळूच टिचकी मारली की सुरू होतो आणि मग चालतच राहतो, तर सर्किटला स्वतःहून उठण्याची ताकद राहिलेली नाही. टिचकीला नुसतं गुणगुणून विझतो, तर करंट पोचतच नाही. एवढं ऐकून घेतल्याशिवाय मी मागचं झाकणही पूर्ण उघडत नाही.

४. कॉइल.

ह्या घड्याळांचा जीव कॉइलमध्ये असतो आणि सगळ्यात जास्त हानीही तिचीच होते, म्हणून इथे जरा थांबतो.

अॅक्युट्रॉनच्या कॉइलची तार ०.०१५ मिलिमीटर जाडीची आहे, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. अशा तारेचे एकेका कॉइलवर सुमारे ८,००० वेढे. एवढी बारीक तार का, तर चुंबकीय जोर करंट आणि वेढे यांच्या गुणाकारावर ठरतो. करंट मायक्रोअँपिअरमध्ये ठेवायचा म्हटलं की वेढे हजारांनी लागतात, आणि हजारो वेढे एवढ्याशा जागेत बसवायचे तर तार अशीच हवी. त्या काळच्या कारागिरांनी हे साधलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही तार आपल्या आपण क्वचित तुटते. तिला तोडतो पेचकस. फोर्कच्या टोकांना जबर चुंबक आहेत. लोखंडी पेचकस जवळ गेला की ते त्याला खेचून घेतात, हात घसरतो आणि पातं कॉइलवर ओरखडा काढतं. म्हणून इथे पितळी चिमटा आणि बिनचुंबकी हत्यारंच वापरायची. दुसरा शत्रू गंज. सांध्यावर राहिलेला फ्लक्स, गळलेल्या सेलचा क्षार, आपल्याकडची दमट हवा. कोकणातून आणि गोव्यातून आलेल्या घड्याळांत तारेच्या टोकाशी हिरवा ठिपका हमखास दिसतो. तो ठिपका दिसला की मीटर लावण्याआधीच उत्तर कळलेलं असतं.

कॉइल सर्किटला जोडलेली असताना ओहम मोजू नका, ट्रान्झिस्टर मधे येऊन भलतेच आकडे दाखवतो. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये वरच्या रेंजला नऊ व्होल्टची बॅटरी असते, ती नाजूक ट्रान्झिस्टरला मारू शकते. डिजिटल मीटर, आणि सुटी कॉइल. आकडा आलाच नाही तर तार तुटली. आकडा फारच कमी आला तर वेढे एकमेकांना मिळाले. कॉइल आणि धातूची प्लेट यांच्यामध्ये मात्र काहीच दिसता कामा नये. ह्याशिवाय आणखी एक चाचणी आहे, जी पुस्तकात कमी आणि हातावर जास्त सापडते : हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून सोडा आणि आकड्याकडे बघत राहा. तो नाचायला लागला तर सांधा चिरलेला आहे. सकाळी चालणारी आणि दुपारी थांबणारी घड्याळं पुष्कळदा ह्याच सांध्याची असतात.

आता जोडण्याचं. तार तुटते ती बहुतेक वेळा बाहेरच्या टोकाशी, जिथे ती पट्टीला डाग देऊन जोडलेली असते. मायक्रोस्कोपखाली ते टोक सापडतं. त्याला तशाच बारीक तांब्याच्या तारेचा पूल द्यायचा. वरचं इनॅमल खरवडायला गेलात तर तारच जाईल. काही तारांचं इनॅमल कथलाच्या उष्णतेने वितळतं, काहींचं वितळत नाही. ते आधी एखाद्या फेकायच्या तुकड्यावर पाहून घ्या. आणि इथे एक सापळा आहे. वितळलेलं कथील तांब्याला विरघळवतं. जाड तारेत ते जाणवत नाही, पण ०.०१५ मिलिमीटरची तार गरम कथलात क्षणभर जास्त राहिली तर ती उरतच नाही. डाग देऊन वर बघावं तर टोक गायब. म्हणून एकतर तांबं मिसळलेलं कथील घ्या आणि टेकवून लगेच उचला, नाहीतर चांदीची पूड घातलेला, वीज वाहणारा इपॉक्सी वापरा. मी शेवटच्या सांध्याला इपॉक्सीच पसंत करतो. तो सुकायला वेळ लागतो, तेवढा द्यावा. आम्लाचा फ्लक्स चुकूनही नको. आज डाग बसेल, पण पुढच्या दोन पावसाळ्यांत तार खाऊन टाकेल.

आतलं टोक तुटलं असेल तर ते हजारो वेढ्यांच्या तळाशी गाडलेलं असतं. तिथे पूल चालत नाही, कॉइल नव्याने गुंडाळावी लागते. वेढे मोजणारं छोटं यंत्र, तारेवर सारखा ताण, आणि वेढ्यांची दिशा मूळची. दोन कॉइलांपैकी एकीत मुख्य वेढ्यांशिवाय आणखी एक वेगळं वेटोळं असतं. फोर्क आत्ता कुठे आहे, हे ते ट्रान्झिस्टरला कळवतं. त्याची टोकं उलटी जोडली गेली तर सर्किट फोर्कला ढकलण्याऐवजी थांबवतं. सगळं जागेवर आहे आणि फोर्क मात्र हट्टाने गप्प, असं दिसलं की ही टोकं आधी तपासा. कॉइल गुंडाळायला दिवस जातो, त्याचे पैसे मागायला मी कचरत नाही, आणि मूळ मशीन वाचतंय हे समजल्यावर देणारेही कुरकुरत नाहीत.

५. मळलेला संपर्क प्रत्येक घड्याळाला वेगळा छळतो.

समजा सेलच्या पत्तीवर मळ बसून वाटेत हजार ओहम आले. सहा मायक्रोअँपिअर घेणाऱ्या फोर्कच्या घड्याळात त्यामुळे सरासरी सहा मिलिव्होल्ट कमी होतात, म्हणजे काहीच नाही. क्वार्ट्झच्या मोटरला दर सेकंदाला क्षणभर अर्ध्या-पाऊण मिलिअँपिअरचा झटका हवा असतो, तिथे तेच हजार ओहम काटा थांबवतात. आणि लाल आकड्यांच्या एलईडी घड्याळात, जिथे बटण दाबलं की कित्येक मिलिअँपिअर वाहतात, तिथे दहा-वीस ओहमनेसुद्धा आकडे मंद होतात, किंवा व्होल्टेज एवढं पडतं की वेळच पुसली जाते. असं पहिलं घड्याळ म्हणजे हॅमिल्टनचं पल्सर. ते १९७२ साली सोन्याच्या केसमध्ये २,१०० डॉलरला विकायला आलं. बटण दाबल्याशिवाय वेळ दिसत नसे, ती वीज वाचवण्याची सोय होती.

सेलचा क्षार हा अल्कली असतो, म्हणून त्याला सौम्य आम्ल लागतं. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टूथपिकवर घेऊन फक्त पत्तीला लावा, तेही पत्ती सुटी करून. मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळवणं. पॉलिश पेपर घासू नका, सोन्याचा मुलामा एकदा उतरला की ती पत्ती कायमची काळी पडत राहते.

६. पाऊस सर्किटात शिरतो.

रत्नागिरीचे एक निवृत्त गृहस्थ फोर्कचं घड्याळ घेऊन आले. म्हणाले, “अहो, हे मृगात झोपतं आणि दिवाळीला आपलं आपण उठतं.” आधीच्या कारागिरांनी सेल बदलले होते, एकाने ट्रान्झिस्टर मेला म्हणून सांगितलं होतं. पण मेलेला ट्रान्झिस्टर दिवाळीला उठत नाही. ह्या सर्किटांत ट्रान्झिस्टरला जागं ठेवणारा रेझिस्टर कित्येक मेगओहमचा असतो. पट्टीवर जुन्या फ्लक्सचा आणि घामाच्या क्षाराचा थर असला की दमट हवेत तो थर ओलावा धरतो आणि मेगओहमच्याच घरातली दुसरी वाट तयार करतो. ट्रान्झिस्टरच्या वाट्याचा करंट तिकडून निघून जातो. सर्किट अल्कोहोलने मऊ ब्रशखाली धुतलं, दिव्याच्या उबेत वाळवलं, कुठलाही भाग बदलला नाही. पुढच्या श्रावणात त्यांचा फोन आला, घड्याळ चालू होतं.

७. ट्रान्झिस्टरवर संशय सगळ्यात शेवटी.

सुरुवातीच्या अॅक्युट्रॉनमध्ये जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर होता, पुढे सिलिकॉनचा आला. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, त्यामुळे शेजारी डाग देतानाच तो मरण्याचा धोका मोठा. त्याच्या पायाला चिमटा धरून ठेवा म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल. बदलायचाच झाला तर आजचा मुंगीएवढा सिलिकॉन ट्रान्झिस्टर बसतो, फक्त त्याला वेगळं व्होल्टेज लागत असल्यामुळे शेजारचा रेझिस्टरही बदलावा लागतो. काढलेला भाग मी पाकिटात घालून मालकाला देतो.

८. ठिणगीचा संपर्क घासू नका.

हॅमिल्टन इलेक्ट्रिक हे विजेवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लँकेस्टरला बाजारात आणलं गेलं. त्यात ट्रान्झिस्टर नाही. बॅलन्स चाकावरच कॉइल आहे आणि दोन तलम पत्त्या तिला करंट जोडतात, तोडतात. प्रत्येक तोडण्याला कॉइलमधून व्होल्टेज उसळतं, बारीक ठिणगी पडते आणि संपर्काचा मुलामा झिजतो. फ्रान्समध्ये लिप कंपनीने १९५८ साली आपल्या घड्याळात डायोड घालून ती ठिणगी मारली. त्यांच्या दुरुस्तीत डायोड आधी तपासायचा. तो तुटलेला असला तर नवा संपर्कही फार टिकणार नाही. हॅमिल्टनमध्ये डायोड नाही, तिथे सगळी मदार पत्तीच्या बाकावर. केसभर बाक बदलला की जोडणं लवकर किंवा उशिरा होतं आणि बॅलन्सचा झोका पडतो. साफ करायला फक्त टोक काढलेली लाकडी काडी. ह्या पत्त्या आज मिळणं इतकं अवघड आहे की, झिजलेली पण चालणारी पत्ती मी तशीच ठेवतो.

९. क्वार्ट्झमध्ये सर्किट आणि मोटर वेगळे करून बघा.

स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं करतं आणि एक झटका काढतं. काट्याचा मीटर कॉइलवर लावा : सुई एका सेकंदाला उजवीकडे, पुढच्या सेकंदाला डावीकडे हलली तर सर्किट जिवंत आहे. कॉइल एक ते तीन हजार ओहमच्या आसपास असली की तीही ठीक. तरी काटा हलत नसेल तर रोटरच्या चुंबकाला कण चिकटलेत. चिकट पुट्टीच्या टोकाने ते उचला. सेकंदकाटा एकदम चार-चार घरं उडी मारत असेल तर तो बिघाड नाही, सेल संपत आल्याची ती मूळचीच खूण आहे. ह्याच खुणेमुळे ‘बिघडलं’ म्हणून बाजूला ठेवलेली चांगली घड्याळं घराघरांत पडून आहेत.

१०. एलसीडीचे आकडे अर्धवट दिसत असतील तर आधी रबर.

काच आणि सर्किट यांच्यामध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक रबर असतं, झेब्रा म्हणतात त्याला. काळ्या पट्ट्यांतून वीज जाते. ते अल्कोहोलने पुसून, बाजू उलटी करून सारखं दाबून बसवलं की गळालेल्या रेघा परत येतात. अॅसिटोन नको. घड्याळ उघडताच व्हिनेगरचा वास आला तर मात्र वरची पोलरायझर फिल्म कुजली आहे. ती सोलून नवी लावता येते, आधी कोन जुळवून. उलट्या कोनात लावली तर आकडे पांढरे आणि पाठ काळी दिसते. काहींना ते आवडतं, मला मूळचंच हवं असतं.

११. केलेलं काम लिहून ठेवा.

डायोड घातला, ट्रान्झिस्टर बदलला, कॉइल जोडली, कोणतं व्होल्टेज धरून जुळणी केली, किती करंट घेत होतं : एवढं एका चिठ्ठीवर, तारखेसह, घड्याळाच्या डबीत. पुढचा कारागीर कोण असेल ते आपल्याला ठाऊक नाही, पण हे भाग आता कोणी बनवत नाही आणि त्याला तेच मशीन पुन्हा वाचवायचं आहे. जुळणी झाल्यावर घड्याळ आठवडाभर माझ्याकडे राहतं, कधी थंड जागी, कधी खिडकीतल्या उन्हाजवळ, कधी हातावर. लोक घाई करतात, तरी देत नाही.

१२. कपाटात ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा.

थांबलेलं घड्याळही सेल आत ठेवून पडून राहिलं की सेल कधीतरी गळतो आणि क्षार कॉइलपर्यंत पसरतो. सेल काढा, संपर्क पुसा, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट डबीत ठेवा. सहा महिन्यांनी सेल घालून दिवसभर चालवा आणि पुन्हा काढा.